चालू होईना

पंखे फिरले, आतले निळे दिवे लागले, पण स्क्रीन काळी ती काळीच.

मुलीने बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. पंखे घरघरले. स्क्रीनवर काही उमटेना. जेवणाच्या टेबलावर रिकामी खोकी, थर्माकोलचे तुकडे आणि बारीक स्क्रू यांचा नुसता पसारा झाला होता. सकाळपासून ती एकेक भाग जोडत बसली होती, आणि आता दुपार कलायला आली होती.

"तयार आणायचा सोडून हा उपद्व्याप कुणी सांगितला होता?" आई म्हणाली.

वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. उभा जन्म त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता मशीन उघडायचं आणि चहा संपायच्या आत सुरू करून द्यायचं, अशी त्यांची ख्याती. बोलण्याची तर इतकी हौस, की चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाचीही घरच्यासारखी विचारपूस करायचे.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात थोडाफार सावरला, बोलणं मात्र गेलं. कळायचं सगळं. पण शब्द ओठांपर्यंत यायचा आणि भलताच होऊन बाहेर पडायचा. पाणी हवं असलं की तोंडातून 'पाटी' निघायचं. एकदा भेटायला आलेल्या जुन्या गिऱ्हाइकासमोर असंच झालं. तो हसला नाही, नुसती मान खाली घातली. त्या दिवसापासून वडिलांनी तोंड उघडणंच सोडलं. बोट दाखवायचं, मान हलवायची, संपलं. आई तर ते बोट उचलायच्या आत ओळखायची. चष्मा, औषध, पाणी, सगळं आयतं हातात. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, चित्रं समोर धरायच्या. कप, मांजर, छत्री. वडील भिंतीकडे तोंड फिरवायचे.

"त्यांनी बोलायला हवं हो," जाताना त्या दारात हळूच म्हणायच्या. "नाहीतर उरलंय तेही जाईल."

मुलगी परगावी हिशेबाचं काम करायची. रजा टाकून आली होती. शाळेत असताना तिचा अर्धा वेळ वडिलांच्या दुकानात जायचा, पण त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"हात सुटलाय माझा," ती पुटपुटली. मग मोठ्याने म्हणाली, "रॅम नीट बसली नसेल." तिने मेमरीची पट्टी काढली, पुसली, दाबून परत बसवली. बटण. काही नाही. "मग स्क्रीनची केबल असेल." तीही काढून घातली. काही नाही. "म्हणजे बोर्डच खराब निघाला. उद्या परत पाठवते." तिने स्क्रू सोडवायला घेतले.

खुर्ची करकरली. वडील पुढे झुकले होते. त्यांच्या डाव्या हाताचं बोट उघड्या कॅबिनेटकडे होतं.

"काय, बाबा?"

बोट तसंच.

"यात शंभर गोष्टी आहेत. मला नाही कळत."

वडिलांचे ओठ हलले. कपाळावरची शीर ताठ झाली. "वा..." ते म्हणाले. "वारा."

आई ताडकन उठली आणि तिने छताचा पंखा मोठा केला. टेबलावरचे कागद खोलीभर झाले.

"नाही!"

आई बटणापाशीच थिजली. कित्येक दिवसांत या घरात तो आवाज कुणी ऐकला नव्हता. ती लगबगीने परत आली. "मग काय हवंय? शाल देऊ? पाणी..."

"थांब, आई." मुलीने तिचं मनगट धरलं. "त्यांना बोलू दे."

वडिलांनी डोळे मिटले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"वा... वाय... वायर." त्यांनी डोळे उघडले. "वरची." त्यांना धाप लागली होती. "लाव."

बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या शेजारी, विजेच्या वायरची जागा रिकामी होती. वायर मागे नुसती लोंबकळत होती. मुलीने ती ओढून घेतली आणि खट्ट आवाज होईपर्यंत दाबली. बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग स्क्रीन उजळली आणि पांढरी अक्षरं भराभर उमटू लागली.

आईला त्यातलं एकही दिसलं नाही. तिने डोळे पुसले आणि लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, बोलले! माझ्यावर ओरडले!" तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

वडील मात्र स्क्रीनकडे बघत नव्हते. ते मुलीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई केर काढायला आली, तर मुलगी कॅबिनेटचं झाकण उघडून आत हात घालून बसलेली.

"अगं, आता काय काढतेयस? कालच तर सुरू झाला ना?"

"म्हणूनच, आई."

आई केरसुणी घेऊन तशीच उभी राहिली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे कालची ती वायर..."

"ती वायर मी झोपेतसुद्धा विसरायची नाही," मुलगी हळूच म्हणाली आणि तिने झाकण टेकवून ठेवलं.

काठीचा आवाज आला. वडील आत आले. खिडकीकडे न जाता त्यांनी टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बसले. डाव्या हाताने बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी.

आईच्या तोंडाशी शब्द आले होते. तिने ते गिळले.

वडिलांनी झाकण बाजूला केलं, आत एक नजर फिरवली, मग मुलीकडे पाहिलं. त्यांच्या ओठांची एक बाजू वर गेली.

"आज," ते म्हणाले, आणि अडले. दोघी थांबल्या.

"आज... काय बिघडवलंस?"