आवाज शून्यावर

किल्ली फिरवायच्या आधीच रोन्डाने दुसरा हात बटणावर ठेवला होता. तरी इंजिन घरघरलं, टेपचा डबा उजळला आणि "या गं पोरींनो" एवढं निसटलंच. तिने आवाज शून्यावर आणला.

"मेलं ते यंत्र!" शेजारी बसलेली डॅफ्नी मावशी म्हणाली. "आज तिसऱ्यांदा. तुझा हात एवढा मंद कसा गं होतो दर वेळी?"

रोन्डाने गाडी रस्त्यावर घेतली. तीन शब्द का होईनात, आईचे होते.

मागच्या सीटवर चार वर्षांची कीशा पट्ट्यात बांधलेली. तिला शू लागली म्हणून गाडी थांबवली होती, आणि त्या गाडीची तऱ्हाच अशी, की टेप वेगळा बंद होत नाही, आणि गाडी बंद करून चालू केली की सीडी पहिल्या गाण्यापासून, तीही मोठ्याने. आता चाळीसेक किलोमीटर लाल मातीचा रस्ता उरला होता. पुढे माणसं मातीसाठी जमली होती. रोन्डाच्या आईच्या.

आमच्या वाळवंटात माणूस गेलं की त्याचं नाव गप्प होतं. फोटो उलटा होतो. आवाज कुठे राहिला असेल तर तोही मिटून ठेवायचा, घरचं जाणतं माणूस "आता चालेल" म्हणेपर्यंत. दोन वर्षं लागतील, पाच लागतील, कुणी सांगावं! म्हणून त्या म्हातारीचं नाव मीही घेत नाही. रोन्डाची आई, बस्स.

तिची बारा बालगीतं दूरच्या ॲलिस शहरातून आलेल्या एका बाईने शाळेच्या व्हरांड्यात रेकॉर्ड करून नेली होती. आपल्या भाषेतली, घरोघरी पोरांनी आणि आयांनी मिळून म्हणायची. "आजी, आता तुमचा आवाज कायमचा राहील," असंही बाई सीडी वाटताना म्हणाली. कायमचा! वाळवंटाला विचारून तरी बोलायचं.

म्हातारी गेली त्या दिवशी मावशीने घरोघर फिरून सगळ्या सीडी गोळा केल्या आणि पत्र्याच्या पेटीत घातल्या. एकच राहिली, या गाडीतली. कारण त्याच दुपारी कीशाने डब्याच्या फटीत आइसक्रीमच्या दोन काड्या सारून ती पक्की करून टाकली होती. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. आता तिकडे रोन्डाचा भाऊ पक्कड घेऊन तयार होता. पोचलं की अख्खा डबा उपटायचा आणि पेटीत.

काचा बंद. उघडाव्यात तर धूळ, न उघडाव्यात तर भट्टी. डब्यावर हिरवा आकडा पुढे सरकत होता. दोन. तीन.

"आई, आजी आत गातेय ना?" कीशाने विचारलं.

"हो."

"मग मोठं कर ना."

"नाही करायचं, बाळा."

"का पण?"

"चूप बस गं," मावशी म्हणाली. पोर चूप बसली. रोन्डाचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. चार नंबर लागला आणि तिला राहवेना.

"मावशी, किती वर्षं ठेवणार पेटीत?"

"कळेल तेव्हा कळेल."

"ही विसरून जाईल तोवर. आजीचा आवाज कसा होता तेसुद्धा आठवायचं नाही हिला. मग ही गाणी केली कुणासाठी?"

"मला शिकवतेस? तुझी आई होती, तशी माझी बहीण होती. एका पांघरुणात वाढलो आम्ही."

"बरं, मी म्हणू का? हळूच. माझ्या आवाजात."

मावशीने मान हलवली. "तुझ्या तोंडूनही तीच येईल," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे फिरवून डोळे मिटून बसली.

रोन्डाला रडू आलं. पुसायला हात मोकळा नव्हता, रस्ता खाचखळग्यांचा होता. तिने गाडी दामटली. एकदाचं पोचावं आणि सुटावं.

पाच. सहा. लांबवर जमलेल्या माणसांच्या शेकोट्यांचा धूर दिसायला लागला. डब्यावर सात उमटला.

"एमू आला," कीशा पुटपुटली.

रोन्डाने आरशात पाहिलं. कीशाने सीटवरच्या लाल धुळीत एमूच्या पावलासारखी तीन बोटं टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. सातव्या गाण्यातला एमू बाप पिल्लांना घेऊन निघाला होता. एक पाऊल, दुसरं पाऊल. गाण्यात एका जागी बापाला चाहूल लागते आणि तो थबकतो. पोरांनीही तिथे थबकायचं, आणि आजी जिभेने टक् करेल तेव्हाच पुढे जायचं. कीशाची बोटं थबकली. अधांतरी.

 रोन्डाची नजर सहज शेजारी गेली. मावशीचे डोळे मिटलेलेच होते, पण मांडीवरचा हात वर उचललेला होता. तीन बोटं, अधांतरी. मागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं.

 मग पोरीचा आणि मावशीचा, दोन्ही हात एकदमच खाली आले आणि चालायला लागले.

धूर आता जवळ आला होता. त्याच्याखाली उभी माणसंही ओळखू यायला लागली होती.

"रोन्डा," मावशी डोळे न उघडता म्हणाली, "जरा हळू घे. अजून पाच राहिलीत."