खोकडाचा वाटा

"खोकडाचा वाटा काढला का गं?" आप्पांनी विचारलं.

"काढला की आप्पा," म्हणत दानेश्वरीने जर्मनच्या ताटलीत बाजरीचे दोन वाफवलेले उंडे ठेवले, वर डाळी-पालेभाज्यांची भज्जी घातली.

येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, शेतातली जेवणं उरकली होती. कडब्याच्या कोपीत पाहुणे आडवे झाले होते. शेताला, गुरांना, पाखरांना वाढून झालं की शेवटचा वाटा बांधापलीकडच्या माळावर ठेवायचा, ही त्यांच्या घरातली रीत. आजवर आप्पा, तिचे सासरे, स्वतः तो नेत. ताटली दगडावर ठेवायची आणि बांधावर येऊन गप बसायचं. जरा वेळाने पिवळ्या गवतातून दोन कान वर यायचे, मग शेपटीचं काळं टोक. आवतण पोचल्यासारखं ते कोल्ह्याहून लहानसं खोकड यायचं, खाऊन जायचं.

यंदा आप्पांचे गुडघे ऐकत नव्हते. लांबचं दिसतही नव्हतं. जवळचं मात्र सगळं दिसायचं, भाकरीवरचा करपलेला ठिपकासुद्धा.

"तू ठिवून ये. आन् आलं का, तेवढं सांग मला. फुडच्या येळवशीला मी असतोय का न्हाय, कुणाला ठावं."

दानेश्वरी बांध ओलांडून गेली. माळ आता माळ राहिला नव्हता. जुळे सोलापूरच्या तिच्या महिला मंडळाने इथे झपाट्याने वाढणाऱ्या गिरिपुष्पाची रोपं लावली, तेव्हा फलकावर लिहिलं होतं, 'उजाड माळ हिरवा करू'. अक्षर तिचंच. आप्पांनी बोअरचं पाणी दिलं होतं आणि गावभर सांगितलं होतं, "सून लई हुशार हाय आमची."

झाडं जगली. फार म्हणजे फारच छान जगली. इथलं जंगल गवताचं होतं, गुडघ्याएवढं. ते जंगल आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. सावलीखाली गवत मेलं. गवतातले टोळ गेले, उंदीर गेले, जमिनीवर घरटं करणारे चंडोल गेले. मग ज्याला लांबवर मोकळं दिसल्याशिवाय झोप लागत नाही, ते खोकड तरी कशाला थांबतंय? बिळाच्या तोंडाशी पाचोळा साचला होता. त्यावर कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

तिने ताटली दगडावर ठेवली. वाट पाहिली. वारा पानांतून सळसळत होता. फोटो काढावा इतकं सुंदर दिसत होतं सगळं.

"आलं का गं?" बांधावरून हाक आली.

तिने ताटली उचलली, एका जाड बुंध्याआड बसली आणि उंडा मोडला. पोट आधीच भरलेलं. घास गिळता गिळवेना. तरी तिने दुसराही संपवला, भज्जी बोटाने निपटून घेतली.

परत येऊन तिने ताटली आप्पांच्या हातात दिली.

"आलं होतं आप्पा. सगळं खाल्लं बघा."

आप्पांनी रिकाम्या ताटलीवरून अंगठा फिरवला. मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्यापुढे धरला.

"हनुवट पूस, पोरी," ते म्हणाले. "भज्जी लागलीय."