डवरलेली वाळू

दार उघडताच कुजक्या अंड्यांचा वास आला. प्रतीक्षाला तो कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ओळखीचा होता. चपला न काढताच ती हॉलमध्ये धावली.

माशांच्या टाकीतलं पाणी राखाडी झालं होतं. पिवळा मासा आडवा तरंगत होता. बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते. टाकीशेजारी तिचे सासरे, उत्तमराव, उभे होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हातात स्वयंपाकघरातलं उलथनं. त्यावरून काळं पाणी फरशीवर गळत होतं.

"वाळू हलवली?"

उत्तमरावांनी मान डोलावली.

ही खाऱ्या पाण्याची टाकी प्रतीक्षा लग्नाआधीपासून सांभाळत होती. अकोल्यात समुद्राचं मीठ कुरिअरनं येतं. ती ते मोजून पाण्यात कालवायची आणि प्रवाळ वाढवायची. तळाशी वीतभर वाळू होती. वरचा थर गोगलगायी स्वच्छ ठेवत. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही. तिथे विषारी वायू साठतो, आणि वाळू हलवली नाही तर तिथेच राहतो. दर्यापूरकडची शेती धाकट्या मुलाकडे देऊन उत्तमराव इथे आले, तेव्हा तिनं त्यांना एवढंच सांगितलं होतं: टाकीजवळ खुशाल बसा, वाळू मात्र उकरायची नाही.

तिच्या मागोमाग तिचा नवरा, मनोज, आत आला. त्यानं टाकी पाहिली. बापाच्या हातातलं उलथनं पाहिलं.

"झालं," तो म्हणाला.

काय झालं ते तिघांनाही माहीत होतं. आधी दुधाखालचा गॅस तसाच राहिला होता. मग फिरायला गेलेल्या उत्तमरावांना घराची गल्ली सापडली नव्हती. मनोजनं त्यांना बसस्टँडवरून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. मनोजनं अमरावतीला म्हाताऱ्यांचं एक निवासी केंद्र पाहून ठेवलं होतं. आणखी एकदा असं काही घडलं की बाबांना तिकडे न्यायचं, असं ठरलं होतं. ते ठरलं तेव्हा उत्तमराव समोरच बसले होते.

"आज वाळू आहे. उद्या पुन्हा गॅस असेल. आपण दोघं दिवसभर बाहेर." मनोजनं मोबाइल काढला.

"आधी खिडक्या उघड. आणि ती बादली आण."

मोटार तेच काळं पाणी टाकीभर फिरवत होती. प्रतीक्षानं ती बंद केली. पिंपातलं ताजं खारं पाणी बादलीत ओतलं, त्यात हवेची नळी सोडली आणि जाळीनं एकेक मासा उचलू लागली. मनोज एका हातानं बादली धरून होता. दुसऱ्या हातात, कानाशी, फोन.

"बाबा, किती खेपा सांगतलं तुमाले? ध्यानातच राहत नाही काय?"

"ध्यानात हाय ना."

"मंग काहून उकरली?"

उत्तमराव पिवळ्या माशाकडे पाहत राहिले. पलीकडून फोन उचलला गेला, आणि मनोज बाल्कनीकडे वळला.

शेवटचा मासा काढला तेव्हा पाणी जरा निवळलं होतं. प्रतीक्षा काचेपाशी वाकली. वाळूत रेघा होत्या. सरळ, सारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रवाळ आलं की रेघ थांबत होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती. प्रवाळाची एकही फांदी मोडलेली नव्हती.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "मी नव्हते तेव्हा काय झालं?"

"लाइन गेल्ती. मोटार बंद पडली. मासे वरते येऊन आ वासून राह्यले होते. तुले फोन केल्ता, तू उचलला नाही." त्यांचा आवाज उतरला. "म्या म्हटलं, यायचा दम घुटून राह्यला. खालची माती दबली असन, हवा खेळत नसन. कपाशीच्या तासातून डवरा नाही फिरवत आपण? माती मोकळी झाली का झाड दम घेते. तसंच केलं. लाइन मागून आली. तुह्या झाडायले धक्का नाही लागू देल्ला. पण मोठं वाईट झालं, पोरी."

प्रतीक्षानं पर्समधून मोबाइल काढला. ती मुलांचं प्रॅक्टिकल घेत असताना त्यांचा फोन येऊन गेला होता.

बाल्कनीतून मनोजचा आवाज येत होता. "हो, बाबांना आजच घेऊन येतो. कपडे, औषधं, आणखी काय लागेल?"

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"फोन ठेव."

त्यानं मोबाइलवर तळवा धरला. "आता आणखी काय व्हायचं राहिलं? तुझा मासा मेला, प्रतीक्षा."

"मेला. प्रवाळही कदाचित जगणार नाही." तिनं आत पाहिलं. उत्तमराव फडक्यानं फरशी पुसत होते. "ते विसरले नव्हते, मनोज. मासे वाचवायला विचार करून केलं, ते चुकलं. ठेव तो फोन."