एका ठोशाची चौकशी

सुज्ञ वाचकहो, कामठ्याच्या कबड्डी मैदानावर एक ठोसा मारला गेला. त्या ठोशाची चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर कोणत्या रीतीने झाली, तेवढेच येथे कथन करण्याचे योजिले आहे.

“थांबव. इथंच थांबव,” कामठ्याचा दुर्गाप्रसाद म्हणाला.

हिमांशूने मोबाईलच्या काचेवर बोट टेकवले व कालच्या सामन्याचे चित्र स्थिर झाले. बाकाभोवती जमलेल्या मंडळींनी माना पुढे काढल्या. सौंदडच्या संघाचा टिंकू मातीत पडलेला होता. कामठ्याच्या दिलीपने चढाई करताना, तो पडल्यावर, त्याच्या पोटात लाथ घातली होती. आणि त्याच दिलीपच्या जबड्यावर जी मूठ आदळत होती ती कोण्या सौंदडवाल्याची नव्हती. ती कामठ्याचीच पिवळी बनियान घातलेल्या कैलाशची होती.

“पाहा डोळे फाडून. आपल्याच गड्याले मारून राहिला,” दुर्गाप्रसाद म्हणाला. “बनियान आपली, जेवन आपलं, अन् ठोसा बी आपल्यालेच.”

बाकाच्या टोकाला क्रीडा मंडळाचे अध्यक्ष केशोराव बसले होते. कैलाश हा मूळचा सौंदडचा. डावा कोपरा सांभाळणारा तसा गडी या भागात दुसरा नाही, म्हणून केशोरावांनीच त्याला या स्पर्धेपुरता मागून आणला होता. मंडळांमध्ये रीत अशी होती की, ज्याने खेळाडू मागावा त्याने बदल्यात खेळाडू द्यावा. केशोरावांनी बदल्यात दिला होता तो स्वतःचा मुलगा चंद्रकुमार. त्या वेळी सर्वांनी त्यांची पाठ थोपटली होती.

मारामारीमुळे मोडलेला सामना आज दुपारी पुन्हा खेळवला जाणार होता. कैलाशला मैदानात उतरवावे की सौंदडच्या गाडीत बसवून द्यावे, याचा निकाल अध्यक्षांनी आताच द्यावा, असा मंडळींचा हट्ट होता.

“लाथ पहिले दिलीपनं मारली,” केशोराव म्हणाले.

“मारली तं मारली. आपला हाय तो.”

“पडलेल्या मानसाले?”

“केशोभाऊ, तुमी अध्यक्ष कामठ्याचे का सौंदडचे, ते एकदा सांगून टाका.”

मागे कोणीतरी हसले.  केशोरावांची नजर त्या ठोशावर नव्हतीच. चित्राच्या अगदी कडेला सौंदडच्या निळ्या बनियानीत चंद्रकुमार उभा होता. ठोशानंतर निळ्या बनियानी दिलीपवर तुटून पडल्या, त्याला खाली पाडून तुडवले, आणि दिलीपच्या घराला लागून ज्याचे घर, तो चंद्रकुमार कमरेवर हात ठेवून जागच्या जागी उभा राहिला. कोणाच्याही ध्यानात हे आलेले नव्हते. ते तसेच राहावे, अशी केशोरावांची मनोमन इच्छा होती.

इतक्यात कैलाश स्वतःच तेथे आला. त्याच्या उजव्या हाताची बोटे सुजली होती. त्याला बसायला कोणीही जागा दिली नाही.

“काऊन मारलं बे त्याले?” दुर्गाप्रसादने विचारले.

“टिंकू पडला, तं हात गेला जी.”

“कोनावर गेला ते दिसलं नाई?”

“नाई दिसलं. लहानपनापासून त्याचंच मनगट धरून साखळी केली आमी. बनियान बदलली हे हाताले कसं समजन?”

“म्हंजे आज बी हेच करशीन?”

कैलाशने खोटे बोलण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला, परंतु खोटे बोलला नाही.

“टिंकूले लाथ बसली, तं करीन.”

“घ्या,” दुर्गाप्रसाद म्हणाला. “तोंडावर सांगून राहिला. केशोभाऊ, सीधी बात है. आत्ताच्या आत्ता रवाना करा याले. नाई तं दुपारी मैदानात आमी एकबी मानूस येत नाई. टाळ्या वाजवत बसा एकटेच.”

“गद्दार कुठला,” मागून आवाज आला.

कैलाशने मान खाली घातली. जायला वळला.

“थांब,” केशोराव म्हणाले. मग हिमांशूकडे वळून म्हणाले, “पुन्हा लाव.”

“कितींदा पाहाचं काकाजी?”

“लाव. अन् ठोसा नका पाहू कोनी. इकडं पाहा, या कडेले.” त्यांनी आपले बोट काचेच्या कडेवर ठेवले. “हा कोन हाय?”

चित्र चालू झाले. दिलीप पडला. निळ्या बनियानी त्याच्यावर धावल्या. एक निळी बनियान हलली नाही.

“चंद्रू व्हय,” हिमांशू हळूच म्हणाला.

“गद्दार शोधून राहिले ना तुमी? आपल्या मानसासाठी हा धावला,” कैलाशकडे हात करून केशोराव म्हणाले. “अन् तो नाई धावला. आता दोघांतून कोनाले हाकलाचं, ते सांगा.”

 दुर्गाप्रसादने मोबाईल हिमांशूच्या हातातून काढून घेतला व डोळ्यांजवळ नेला. ते चित्रण हिमांशूने अध्यक्षांच्या खुर्चीमागे उभे राहून केलेले होते. चंद्रकुमार पडलेल्या दिलीपकडे पाहत नव्हता. धुळीतून त्याची नजर सरळ समोर लागलेली होती.

“हा तं तुमच्याकडंच पाहून राहिला, केशोभाऊ,” दुर्गाप्रसाद म्हणाला. या वेळी त्याने आवाज चढवला नाही.

“काल मैदानात बी असाच पाहे,” केशोराव म्हणाले. “त्याले न पुसता सौंदडले देल्लं म्या.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, कैलाशचा सुजलेला हात आपल्या हाती घेतला आणि त्यावर रुमालाची घट्ट पट्टी बांधू लागले.

“कैलाश खेळन. सामना झाला, का हा आपल्या घरी जाईन,” ते म्हणाले. “आमचा येते का नाई, ते मले नाई सांगता येत.”

आपण आपला अमूल्य वेळ देऊन येथवर वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे.
— भाऊलाल हेतराम रहांगडाले