चौथी दाढ

"सूज आहे, काढून टाकलेली बरी," दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण काढली की आठ दिवसांत वापरावी लागेल. कोणासाठी लिहू?"

साठीच्या मृण्मयीने डोळे मिटले. पहिल्या अक्कलदाढेतल्या पेशींनी वडिलांना नजर परत दिली होती. दुसरीतून थोरल्या भावाचा गुडघा नव्याने वाढवला, तिसरीतून भाचीच्या मणक्याचं हाड. प्रत्येक वेळी घरात पेढे वाटले गेले. तिला पेढा चावता येत नव्हता, आणि पेज तिने स्वतःच शिजवून घेतली होती.

"फार दुखतंय का हो?" बाईंनी विचारलं.

घरात हे कोणी विचारलं नव्हतं.

"दुखतंय. पण राहू दे. गोळी द्या."

बाहेर बाकावर तोच भाऊ, तन्मयदादा, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने स्वतःच्या अक्कलदाढा विशीतच काढून टाकल्या होत्या. तेव्हा त्यांचा उपयोग कोणालाच ठाऊक नव्हता. आता त्याला ऐकू येईनासं झालं होतं.

"काय ठरलं, मनू?" तो मोठ्याने म्हणाला.

"ही मी माझ्यासाठी ठेवली, दादा."

"काय?"

तिने पुन्हा तोंड उघडलं. जबड्यात कळ उठली. "घरी गेल्यावर सांगते," असं तिने हातानेच खुणावलं.

दादा डबा घेऊन उठला आणि तिने दिलेल्या गुडघ्यावर भराभर जिना उतरला. ती कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, त्याच्या मागून उतरत राहिली.