बुवांची हाक

२००५ची दिवाळी. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळासाठी प्रल्हादनं एका कथेचं संगीत नाटक केलं. लेकीकडे आलेल्या कथालेखिका मंदाकाकूंनी बजावलं होतं, "शेवटाला हात लावलास तर याद राख!"

कथेत खाणीसाठी अख्खी वसाहत उठते. मागे उरलेले कीर्तनकार बुवा एकटेच हाक देतात आणि 'ओ' द्यायला कुणीच नसतं.

प्रयोगात बुवा झालेल्या सुशांतनं गळा मोकळा सोडला, "बोला, पुंडलिक वरदेऽऽ..."

अन् खुर्च्यांतले तीनशे जण सवयीनं गरजले, "हाऽरि विठ्ठल!"

झालं! शेवटाचं पार मातेरं. प्रल्हादनं भीतभीत पहिल्या रांगेकडे पाहिलं.



डोळे मिटलेले, दोन्ही हात वर, आणि हॉलमधला सगळ्यांत मोठा आवाज मंदाकाकूंचा!