बारा फिती

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, तशी हेडमास्तर जयराम सामंतांनी मालवणजवळच्या आपल्या शाळेत घोषणांना बंदी घातली. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या तीस मुलींपैकी बारा जणी दंडाला काळी फीत बांधून वर्गात बसल्या.

"मास्तरांनू, घोषणा आमी देवक नाय," मासे विकणाऱ्या पार्वतीची चंद्रावती उठून शांतपणे म्हणाली. "ही फीत खंय बोलता?"

मास्तर रागावले. "उद्या फीत सोडून या, नाहीतर येऊच नका."

दुपारी घरी निघताना त्यांनी आपली काळी छत्री उघडली, तर ऊन थेट टकलावर आलं. दोन काड्यांमधलं कापड कुणीतरी कात्रीने नीट कापून नेलं होतं. घरी पोचताच त्यांनी ती उघडी छत्री बायकोपुढे धरली.

सीताबाईंनी भात वाढता वाढता वर पाहिलं. "तेवढा कापड बारा पोरींका पुरला," त्या म्हणाल्या. "अजून अठरा जणी बाकी आसत."

दुसऱ्या दिवशीही ऊन तसंच रणरणत होतं, पण शाळेला निघताना त्यांनी छत्री सीताबाईंच्या कात्रीशेजारी खुंटीलाच राहू दिली.